खाकी कागदाचा पडदा

माझ्या गाडीच्या डिकीत खाकी कागदाची एक गुंडाळी कायम असते. जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हरं घालायला आपण आणतो तोच कागद, फक्त मोठ्या पन्ह्याचा. शेजारी मास्किंग टेपची दोन रिळं, मेजरटेप आणि एक जाड मार्कर. कुठल्या कंपनीच्या मीटिंग रूममध्ये मोठा पडदा बसवायचं काम निघालं की मी माहितीपत्रक काढत नाही, हा कागद काढतो. पट्टे जोडून २४६ सेंटिमीटर रुंद आणि १०४ सेंटिमीटर उंच असा आयत करायचा, भिंतीवर चिकटवायचा आणि खोलीतल्या शेवटच्या खुर्चीत जाऊन बसायचं. एकशे पाच इंची अल्ट्रावाइड पडदा असतो तो एवढा. लाखोंचा माल विकायला आलेला माणूस कागद चिकटवत बसलाय म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याची आता सवय झाली आहे.

एवढी अक्कल यायला वीस-बावीस वर्षं लागली. तिची फी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाने भरली, काही वेळा मी.

या धंद्यात आलो २००१ साली. पुण्यात तापकीर गल्लीतून केबल आणि कनेक्टर घ्यायचे, रात्री घरी बसून सोल्डर करायचे आणि सकाळी स्कूटरवर शिडी बांधून साइटवर जायचं. तेव्हा मीटिंग रूम म्हणजे छताला टांगलेला प्रोजेक्टर आणि गुंडाळता येणारा पांढरा पडदा. चित्र जवळजवळ चौकोनी, चारास तीन या प्रमाणातलं. दिवे घालवून, पडदे ओढून घेतल्याशिवाय काही दिसायचं नाही आणि अंधार झाला की जेवणानंतरच्या सभेत निम्मी मंडळी डुलकी काढायची. दिवा जळायला आला की चित्र पिवळं पडायचं. नवा दिवा महाग म्हणून कंपन्या ते पिवळं चित्र वर्षभर चालवून घ्यायच्या. मग सपाट पॅनेल आले, सोळास नऊचे. मायक्रोसॉफ्टनेही पॉवरपॉइंटच्या २०१३च्या आवृत्तीपासून नव्या स्लाइडचा मूळ आकार सोळास नऊ केला. साधारण तेव्हापासून सात-आठ वर्षं आमच्या धंद्यात सुख होतं. लॅपटॉप त्याच आकाराचा, स्लाइड त्याच आकाराची, पडदाही त्याच आकाराचा. वाद फक्त इंचांचा.

मग २०२० आलं. निम्मी माणसं घरून, निम्मी ऑफिसातून, आणि मीटिंग रूमच्या भिंतीवर आता केवळ स्लाइड पुरेना. माणसंही दिसायला हवी होती. २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने टीम्सच्या मीटिंग रूमसाठी ‘फ्रंट रो’ नावाची मांडणी जाहीर केली. दूरची माणसं पडद्याच्या तळाशी एका ओळीत, जणू टेबलाच्या पलीकडे बसलेली. वर मधोमध दस्तऐवज. कडेला गप्पांची खिडकी आणि हात वर केलेल्यांची यादी. ही मांडणी खुलते ती पसरट पडद्यावर. एरवी गेम खेळणाऱ्यांच्या टेबलावर दिसणारा एकवीस-बाय-नऊचा, म्हणजे अल्ट्रावाइड, आकार असा एकदम बोर्डरूमच्या भिंतीवर आला, तोही एकशे पाच इंचांत.

आकार म्हणून तो काही नवा नाही. सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट १९५३चा, आपल्याकडे गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’ने १९५९ साली तो पसरट पडदा आणला. पुढे २००९मध्ये फिलिप्सने घरच्या टीव्हीलाही हा आकार देऊन पाहिला. लोकांनी फारसा मनावर घेतला नाही, कारण टीव्हीवर रोज लागणारं जवळपास काहीच त्या आकाराचं नव्हतं. ही गोष्ट मला ठाऊक होती. तरी चाकणच्या त्या कामात ती आठवली नाही.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिथल्या मोठ्या साहेबांनी परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या ऑफिसात तो पडदा पाहिलेला. मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाले, “तसलाच पाहिजे. उन्नीस-बीस चालणार नाही.” मी खोली बघितली, भिंत मोजली, पडदा मावतो एवढं पाहिलं आणि कोटेशन पाठवलं. एवढी मोठी ऑर्डर रोज येत नाही. त्या खोलीत रोज काय चालतं हे विचारायचं राहून गेलं, असं मी आजवर सांगत आलो. खरं असं आहे की मी मुद्दाम विचारलं नाही. उत्तर ऐकून ऑर्डर हातची गेली असती तर?

उद्घाटनाला नारळ फोडला, पेढे वाटले. मग फायनान्सच्या साहेबांनी लॅपटॉप जोडून तिमाहीची स्लाइड लावली आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फुटाचे काळे पट्टे उमटले. खोलीत शांतता. मोठे साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “पैसे आपण पूर्ण पडद्याचे दिलेत ना?”

मी समजावलं. लॅपटॉपचं चित्र सोळास नऊ, पडदा त्याहून पसरट, मग बाजू मोकळ्या राहणारच. पटलं नाही. दोन आठवड्यांनी माइकच्या कामासाठी परत गेलो तर सभा चालू होती आणि काळे पट्टे गायब. कुणीतरी रिमोटवरून चित्र ताणून भिंतभर केलं होतं. पाय-चार्ट अंड्यासारखे, कंपनीचं गोल बोधचिन्ह आडवं पसरलेलं, आणि पलीकडून बोलणाऱ्या चेन्नईच्या गृहस्थांचं वजन मिनिटात वीस किलोंनी वाढलेलं. कुणालाच काही खटकत नव्हतं. मीही माइक दुरुस्त करून निघून आलो.

त्या रात्री पहिल्यांदा हिशोब मांडला. खरं तर तो ऑर्डर घेण्याआधी मांडायला हवा होता. पडद्याचे इंच म्हणजे कर्ण, आणि कर्ण फसवा असतो. पडदा जितका पसरट, तितकी त्याच कर्णात उंची कमी. नेहमीच्या आकाराच्या ८६ इंची पडद्याची उंची १०७ सेंटिमीटर भरते. १०५ इंची अल्ट्रावाइडची १०४. म्हणजे एकोणीस इंच जास्त घेऊन उंची तीन सेंटिमीटरने घटली. त्या पडद्यावर नेहमीची स्लाइड लावली तर ती ८३ इंची पडद्याएवढीच दिसते. ज्या दिवशी टीम्सची मांडणी नसेल, कुणी साधा लॅपटॉप जोडलेला असेल, त्या दिवशी तुमचा एकशे पाच हा त्र्याऐंशी आहे. ९८ इंची साधा पडदा किमतीला कितीतरी स्वस्त आणि उंचीला १२२ सेंटिमीटर. चाकणमध्ये आठवड्यातल्या दहा सभांपैकी नऊ स्लाइड आणि एक्सेलच्याच होत्या.

उंचीचं एवढं का धरून बसलो, तर आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा उंचीवरच आहे. शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या किती पट लांब बसलाय ते बघायचं. नकाशे, बारीक आकडे वाचायचे असतील तर चार पट. नेहमीच्या स्लाइड असतील तर सहा पट. नुसता व्हिडिओ बघायचा असेल तर आठ पट. आता यापेक्षा बारकाईची प्रमाणं निघाली आहेत, पण साइटवर उभ्या उभ्या करायला हे गणित बरं. १०४ सेंटिमीटर उंचीला सहा पट म्हणजे सव्वासहा मीटर, वीस फूट. त्यापलीकडे बसणारा माणूस स्लाइड वाचत नाही, अंदाज करतो.

बारीक आकड्यांचं तर विचारूच नका. या पडद्यावर आडवे ५१२० आणि उभे २१६० ठिपके असतात. विकताना आम्ही सांगायचो, “बघा, एक्सेलचे किती कॉलम एकदम मावतात!” मावतात खरे. पण एक ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. एक्सेलचं नेहमीचं अकरा पॉइंटाचं अक्षर, काही न वाढवता, भिंतीवर साडेचार मिलिमीटर उंच उमटतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे सहा मीटरवरून जी ‘सिक्स बाय सिक्स’ची ओळ वाचायला लावतात, तिची अक्षरं पावणेनऊ मिलिमीटरची असतात. म्हणजे ठणठणीत डोळ्यांच्या माणसाला जे जेमतेम दिसेल, त्याच्या निम्मं आपण भिंतीवर टाकतो आणि वर चाळिशी ओलांडलेल्या मंडळींना विचारतो, “सगळ्यांना दिसतंय ना?” सगळे माना डोलावतात. मोठ्या साहेबांसमोर ‘मला दिसत नाही’ असं कोण म्हणणार?

ते म्हणणारं माणूस मला भेटलं बाणेरच्या एका ऑफिसात, आणि तेही मी विचारल्यावर. तिथली मीटिंग रूम लांबुळकी, बत्तीस फुटांची. आगगाडीच्या डब्यासारखं टेबल. पडदा ७५ इंची, तीन वर्षांपूर्वी मीच बसवलेला. एका दुपारी स्पीकरची तक्रार आली म्हणून गेलो तेव्हा सभा संपायची होती. मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्याच पुढच्या, शेवटच्या खुर्चीवर अकाउंट्समधल्या एक बाई बसल्या होत्या. समोर पडद्यावर ताळेबंद चालू, आणि यांच्या हातात त्याच ताळेबंदाचे छापील कागद, स्टेपल केलेले, पेन्सिलच्या खुणांसकट.

सभा संपल्यावर सहज म्हणालो, “मॅडम, सगळं स्क्रीनवर होतं की.”

“असेल. मला इथून दिसत नाही. दर वेळी प्रिंट काढून आणते.”

“तीन वर्षं?”

“हो.”

“मग कुणाला सांगितलं नाहीत?”

कागद फाइलमध्ये घालत त्या म्हणाल्या, “विचारलं कुणी?”

घरी येताना चांदणी चौकातल्या गर्दीत अडकलो होतो. तेवढ्या वेळात डोक्यात एकामागून एक खोल्या येत गेल्या. पडदा निवडायच्या बैठकीला कोण असतं? मोठे साहेब, आयटीचे प्रमुख, पर्चेसवाले, आर्किटेक्ट आणि मी. यातला एकही माणूस त्या खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसत नाही. पडद्यालगतच्या खुर्च्या मानाच्या, म्हणून जो पैसे देतो त्याला सगळं छान दिसतं. आकडे ज्याला वाचून दाखवायचे असतात, ज्याच्या चुकीवर बोट ठेवलं जाणार असतं, तो बत्तीस फुटांवर. त्या आठवड्यात लक्ष्मी रोडवरून खाकी कागद आणला.

कागदाचा पहिला प्रयोग बाणेरच्या त्याच ऑफिसात केला. आधी त्यांनाही नवा पडदा एकशे पाच इंचीच हवा होता, कारण लांब भिंतीला लांब पडदा शोभेल असं आर्किटेक्टचं मत. कागद लावला, मार्करने साडेचार मिलिमीटरची अक्षरं काढली, शेजारी दुप्पट आणि चौपट काढली आणि आर्किटेक्टना शेवटच्या खुर्चीत बसवलं. फार बोलावं लागलं नाही. शेवटी एकशे पाच घेतलाच नाही, टेबल फिरवलं. लांब भिंतीच्या मधोमध ९८ इंची साधा पडदा, समोर रुंद बाजूने माणसं. सगळ्यात लांबची खुर्ची सतरा फुटांवर आली. माझी विक्री निम्म्याने घटली. सुताराची वाढली.

आता उलट बाजूही सांगतो, कारण नंतर मी अल्ट्रावाइडच्या इतका विरोधात गेलो की त्यातही चुकलो. खराडीतली एक टीम, रोजचं काम जर्मनीतल्या सहकाऱ्यांबरोबर. इकडे सात-आठ माणसं, तिकडे चार-पाच. खोली बेताची, पाच मीटर खोल. मी सरळ सांगितलं, दोन ७५ इंची शेजारी शेजारी लावा. एकावर माणसं, एकावर दस्तऐवज. स्वस्त, आणि एक बिघडला तरी दुसरा चालू. त्यांच्या ॲडमिनच्या प्रमुख बाई ऐकेनात. म्हणाल्या, “दोन पडदे गेल्या ऑफिसात होते. आम्ही कायम डावीकडे बघून बोलायचो आणि कॅमेरा मधे. त्यांना वाटायचं आम्ही खिडकीतून बाहेर बघतोय.”

हे मला सुचलं नव्हतं. दोन पडद्यांत खोलीचा मधला बिंदू नेमका जोडावर येतो, तिथे फक्त काळी कड असते. अल्ट्रावाइडवर तिथे माणसं येतात.

त्यांच्या हट्टापायी काम नीट केलं. पडदा नेहमीपेक्षा खाली घेतला, कारण फ्रंट रोमध्ये माणसं तळाशी असतात आणि खुर्चीत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून एक-सव्वा मीटरवर. आपल्याकडे पडदा वर चढवायची भारी हौस, देवाच्या फोटोसारखा. तसा चढवला तर दूरची माणसं आपल्या डोक्यावरून बोलतात. टेबल अर्धचंद्राकृती करून घेतलं, म्हणजे कुणी कुणाआड नको आणि पलीकडच्यांनाही सगळे चेहरे दिसावेत. कॅमेरा पडद्याच्या खालच्या कडेला.

पहिल्या सभेला कोपऱ्यात उभा होतो. पलीकडचे पाच जण ओळीत, चेहरे जवळजवळ खऱ्या आकाराचे. वर कामाचा आराखडा, महिन्यांच्या आडव्या पट्ट्यांचा. असा आराखडा मी पहिल्यांदाच न सरकवता पूर्ण पाहिला. दहा मिनिटांत इकडचा एक मुलगा बोलता बोलता समोरच्या बाईला पेन पुढे करायला गेला आणि हसला. अशा खोलीसाठी, अशा कामासाठी हा पडदा आहे हे तेव्हा कळलं. माणसं थोडी, खोली उथळ, पलीकडे रोजची तीच माणसं, आणि वापरायची यंत्रणा ठरलेली. यातली एक गोष्ट निसटली की काळे पट्टे.

यंत्रणेवरून केबलची गोष्ट आठवली. माझे सगळ्यात जास्त पैसे बुडाले ते इथे. आम्ही तोवर सगळीकडे एचडीएमआय २.०ची सामग्री वापरायचो. तिची क्षमता अठरा गिगाबिटची. फोर-केचं चित्र सेकंदाला साठ वेळा व्यवस्थित नेते. फोर-के म्हणजे ३८४० ठिपके, आणि हा पडदा ५१२०चा. आडवे ठिपके एक तृतीयांश जास्त. पूर्ण रंगांसकट तेवढं चित्र त्या नळीतून जात नाही; मग यंत्र आपलं आपण तडजोड करतं. आमच्या बाबतीत चित्र सेकंदाला तीसवर आलं. पडद्यावर माउस फिरवला की बाण ठेचकाळत चालायचा. आयटीचा मुलगा म्हणाला, “सर, उंदराला लकवा झालाय.” दुसऱ्या ठिकाणी मधला स्विचर फक्त फोर-के ओळखणारा निघाला. पडदा केबलमधून ‘मी कोण आहे’ हे सांगत असतो; स्विचरला ती भाषा कळेना, त्याने लॅपटॉपला सांगितलं की समोर साधा पडदा आहे. एवढा पाच हजार ठिपक्यांचा पडदा घेऊन त्यावर साधं चित्र ताणून बसलं. केबल, स्विचर, टेबलातले पॉइंट सगळं बदललं, एचडीएमआय २.१ची ऑप्टिकल केबल ओढली. तिच्यातही गंमत: तिला दिशा असते. एक टोक लॅपटॉपकडचं, एक पडद्याकडचं. उलटी ओढली तर चालत नाही, आणि आमच्या पोराने ती उलटी ओढून वर छत बंद करून टाकलं होतं. गिऱ्हाइकाला एका पैशाचं बिल लावता आलं नाही. कोटेशनवर मी ‘सर्व आवश्यक केबलसह’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

मधल्या काळात एलईडी वॉलचाही मोह झाला. गणित फार सुबक जमतं. तिचे साचे साठ सेंटिमीटर रुंद आणि पावणेचौतीस उंच, सोळास नऊचे. चार आडवे, तीन उभे लावले की नेमका अल्ट्रावाइडचाच आकार, आणि तोही जवळजवळ तेवढाच मोठा. लिफ्टची भानगड नाही, साचे खोक्यांतून येतात. पण सव्वा मिलिमीटर अंतराने दिवे असलेल्या साच्यांत सगळे मिळून ठिपके भरतात आडवे १९२० आणि उभे ८१०. चित्र झगझगीत, अक्षर मात्र जवळून दाणेदार. ते एका गिऱ्हाइकाला दाखवलं, त्यांनी एक्सेल उघडलं, आम्ही दोघांनीही विषय बदलला.

लिफ्टची भानगड म्हणालो ती मुंबईची. परळ भागातला एक टॉवर, नववा मजला. पडद्याचं खोकं पावणेतीन मीटर लांब, माणसाच्या छातीएवढं उंच, वजन क्विंटलाच्या वर. असा पडदा आडवा निजवून न्यायचा नसतो, उभाच न्यावा लागतो, नाहीतर आतली काच आणि पॅनेल दगा देतं. मी इमारतीच्या नकाशावरून मालाच्या लिफ्टचं माप घेतलं होतं. प्रत्यक्ष जाऊन मेजरटेप लावली नव्हती. नकाशातली लिफ्ट आणि बसवलेली लिफ्ट यांत हातभर फरक. टेम्पो खाली उभा, पावसाची लक्षणं, इमारतीचा सुरक्षा अधिकारी म्हणतोय सहाच्या आत आवरा. खोकं तिरकं करून पाहिलं, खोक्यातून काढून पाहिलं. दार ओलांडेना.

माथाडी कामगारांचे मुकादम होते, साठीचे, साताऱ्याकडचे. आमची धांदल ते बाजूला बसून तंबाखू मळत बघत होते. शेवटी म्हणाले, “सायेब, पेटी मोजली. जिन्याचं वळण मोजलं का?” खिशातून सुतळी काढली, पडद्याच्या लांबीची गाठ मारली, आणि नऊच्या नऊ मजले चढून प्रत्येक वळणावर ती सुतळी फिरवून आले. साठीत. खाली येऊन म्हणाले, “चौथ्यावर पायप आडवा येतोय. तेवढा पायप काढून द्या, पोरं नेतील.” आठ जण, पट्टे, कांबळी, दर मजल्यावर एक थांबा. सव्वातीन तास. मी मागून चालत होतो आणि माझ्या पोटात गोळा होता; ते मधेच विनोद करत होते. पडद्यावर ओरखडा नाही. त्यांच्या हिशोबाचे पैसे माझ्या नफ्यातून गेले आणि ते योग्यच होतं. सुतळी मात्र मी मागून घेतली. ती अजून कागदाच्या गुंडाळीला बांधलेली असते.

बाकी लहानसहान चुका पुष्कळ. पश्चिमेच्या काचेसमोर चकचकीत पडदा लावला आणि चार वाजता पडद्यात हिंजवडीची वाहतूक दिसायला लागली. आता पृष्ठभाग किती मंद आहे ते आधी विचारतो. जिप्समच्या भिंतीत मागे प्लाय घातलाय या इंटिरियरवाल्याच्या तोंडी शब्दावर विसंबलो. ड्रिल आरपार गेलं तेव्हा कळलं. एका गिऱ्हाइकाने स्वस्तात पडतो म्हणून घरगुती टीव्ही आणून बसवला, तो वर्षात गेला आणि ऑफिसातल्या वापराला वॉरंटी नाही हे पत्रकात बारीक अक्षरात निघालं. अक्षर कितीचं होतं ते मी मोजलं नाही. २०२५च्या सप्टेंबरात मोठ्या पडद्यांवरचा जीएसटी २८चा १८ टक्के झाला तेव्हा फोन खणखणले, “आता स्वस्त झालं ना, एकशे पाचच टाकू!” कंपन्यांना भरलेल्या कराची वजावट एरवीही मिळते, तेव्हा त्यांचं फारसं काही वाचत नव्हतं. पण हौसेला निमित्त लागतं.

आणि एक गोष्ट, जी सांगितली की माझा धंदा कमी होतो: बहुतेक खोल्यांत पैसा आधी माइकवर घालायला हवा. चित्र धूसर असलं तर लोक प्रिंट काढून आणतात, आवाज फुटका असला तर काही करता येत नाही. पण माइक भिंतीवर मिरवता येत नाही.

गेल्या महिन्यात पिंपरीच्या एका कंपनीत कागद लावून आलो. दोन पर्याय मांडले होते, खाकी कागदाचा १०५ अल्ट्रावाइड आणि त्याच्यावर मार्करने आखलेला ९८चा साधा. म्हटलं, आठवडाभर असू द्या, खोली वापरणाऱ्या सगळ्यांना बघू द्या, मग ठरवा. चार दिवसांनी फोन करायचं विसरलो, आठव्या दिवशी गेलो. निर्णय झाला नव्हता; साहेब दिल्लीला होते. कागद मात्र जागेवर होता, आणि त्यावर कुणीतरी माझ्याच मार्करने आठवड्याचा चहाचा हिशोब मांडून ठेवला होता. नावं, कप, बाकी. अक्षर चांगलं चार बोटं उंच. शेवटच्या खुर्चीत बसून पाहिलं. कुणाचे किती राहिलेत ते सगळं स्वच्छ वाचता येत होतं.